लॅपटॉप, टाइपरायटर आणि ओक ट्री रोडचा कट्टा

डॉक्टर म्हणाला, "आता तो लॅपटॉप सोड रे बाबा, किती वर्षं उगाळणार आहेस?" आणि तिथनंच पेटलं सगळं.

न्यू जर्सीतल्या इझलिनला ओक ट्री रोडवर पार्किंगच्या कडेला एक बुटकी सिमेंटची भिंत आहे, तो आमचा कट्टा. रविवारी सकाळी बायका भाजी घेईपर्यंत आम्ही तिथे बसतो, कागदी कपातला चहा, कधी वडापाव, थंडी असली तर गाडीचं इंजिन चालू ठेवून दार उघडं टाकून बसायचं. परवाच्या रविवारी आम्ही पाच जण होतो. मी रिपब्लिकन मतदार. डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाचा, पक्का डेमोक्रॅट, माणूस लाखमोलाचा. ताई शाळेत शिकवतात, गाडीत कायम एनपीआर, म्हणजे इथला सार्वजनिक रेडिओ, लावलेला असतो. बंडू आयटीवाला, तिशीतला, त्याच्या मते सगळे एका माळेचे मणी. आणि नाना, वय चौऱ्याहत्तर, मुलीकडे येऊन बरीच वर्षं झाली, आता सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूची तयारी चाललीय, नोव्हेंबर २०२६ च्या मिडटर्मला, म्हणजे काँग्रेसच्या मध्यावधी निवडणुकीला, पहिलं मत टाकायचं म्हणतात. त्यांनीच विषय काढला होता. परीक्षेच्या २००८ सालच्या प्रश्नयादीत एक प्रश्न आहे ना, पहिल्या घटनादुरुस्तीतलं एक स्वातंत्र्य सांगा, तर नाना म्हणाले मी वृत्तपत्राचं स्वातंत्र्य सांगणार आहे, आणि मी पटकन बोलून गेलो की नाना सांगा जरूर, पण ते स्वातंत्र्य ऑक्टोबर २०२० मध्ये कुणी कुणाचं काढून घेतलं तेही वाचून ठेवा.

म्हणून डॉक्टर वैतागला.

नानांना ती गोष्ट नीट माहीत नव्हती म्हणून मी पहिल्यापासून सांगितली. १४ ऑक्टोबर २०२०, निवडणुकीला तीन आठवडे, न्यूयॉर्क पोस्टनं बातमी छापली की बायडन यांच्या मुलाचा, हंटरचा, लॅपटॉप डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या एका रिपेअरच्या दुकानात पडून होता आणि त्यातले ईमेल हे असे असे आहेत. आता बातमी चूक असेल तर दुसऱ्या पेपरनं खोडून काढावी, हीच रीत आहे ना? पण ट्विटरनं त्या बातमीची लिंकच बंद केली. म्हणजे मी तुम्हाला खासगी मेसेजमधूनसुद्धा पाठवू शकत नव्हतो. पोस्टचं स्वतःचं अकाउंट दोन आठवडे लॉक. हा पेपर अलेक्झांडर हॅमिल्टननं १८०१ मध्ये काढलेला, आणि एका कॅलिफोर्नियातल्या कंपनीतली चार माणसं ठरवतात की त्याची बातमी लोकांनी वाचायची नाही. फेसबुकनं बातमी दाबून ठेवली, आधी फॅक्टचेक होऊ दे म्हणाले. पाच दिवसांनी ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांचं पत्र आलं की ह्याला रशियन कारवाईची सगळी लक्षणं दिसतात. त्याच पत्रात त्यांनी लिहिलंय की आमच्याकडे पुरावा नाही! पण पॉलिटिको नावाच्या बातम्यांच्या साइटनं मथळा काय दिला, तर ही बातमी म्हणजे रशियन अपप्रचार आहे असं डझनावारी माजी अधिकारी म्हणतात. पत्रात "लक्षणं दिसतात", मथळ्यात "आहे". आणि मग २२ तारखेला नॅशव्हिलच्या डिबेटमध्ये बायडन यांनी करोडो लोकांसमोर त्याच पत्राचा हवाला दिला.

"आणि तो लॅपटॉप खरा निघाला," नाना म्हणाले.

खरा निघाला म्हणजे काय नाना, जून २०२४ मध्ये हंटरवर पिस्तुलाच्या केसचा खटला चालला ना, तेव्हा सरकारी वकिलांनी, बायडन यांच्याच कारकिर्दीतल्या, तोच लॅपटॉप कोर्टात पुरावा म्हणून दाखवला. त्याच विल्मिंग्टनमध्ये. ज्याच्याबद्दल चार वर्षांपूर्वी रशियाचं नाव घेत होते.

डॉक्टर म्हणाला, "बरं मान्य. पण त्यानं काय बिघडलं? उलट बंदी घातली म्हणून जास्त लोकांनी वाचलं. आणि त्यात खुद्द बायडन यांच्याविरुद्ध काय सिद्ध झालं ते सांग."

हे डॉक्टर दर वेळी म्हणतो आणि दर वेळी मला चीड येते, कारण मुद्दा तो नाहीच. बायडन दोषी होते की नव्हते हे मी म्हणतच नाहीये. कदाचित ती बातमी वाचून एकाचंही मत बदललं नसतं. पण ते कुणी ठरवायचं? मी २०११ मध्ये सिटिझन झालो, हात वर करून शपथ घेतली, माझ्या मताची किंमत त्या संपादकाच्या मताएवढीच आहे. मला बातमी दाखवा, तिच्यातल्या उणिवाही दाखवा, आणि मला ठरवू द्या. झुकरबर्गनं ऑगस्ट २०२४ मध्ये पत्र लिहून कबूल केलं की ती बातमी आम्ही दाबायला नको होती. ट्विटरचा जॅक डॉर्सी तर दोनच दिवसांत म्हणाला की लिंक अशी बंद करणं चूक होतं, तरी पोस्टचं अकाउंट लॉकच राहिलं. आणि झुकरबर्गनं कबूल केलं पण कधी, तर निवडणूक होऊन गेल्यावर.

ताईंनी तोवर ऐकून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "पण २०१६ विसरलास का? हिलरीच्या खासगी सर्व्हरवरच्या ईमेलचं काय केलं होतं ह्याच मीडियानं? एफबीआयचा प्रमुख कोमी, त्याचं पत्र २८ ऑक्टोबरला आलं, दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानाचा वरचा भाग भरून तेच. निघालं काय त्यातून? काही नाही. मग तेव्हा मीडिया ट्रम्पचा होता का?"

ताईंचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तिथेच मान्य केला. २०१६ मध्ये ईमेलवर खूप छापलं, प्रमाणाबाहेर छापलं म्हणा हवं तर. पण ताई, मग पुढं काय झालं बघा. निकाल लागल्यावर त्याच न्यूजरूममधली माणसं म्हणायला लागली की आमच्यामुळे ट्रम्प आला, आम्ही ईमेल दाखवायला नको होते. म्हणजे बातमी खोटी होती म्हणून पस्तावा नाही, लोकांनी ती बातमी ऐकून आम्हाला नको होता तो माणूस निवडला म्हणून पस्तावा. आणि चार वर्षांनी परत ऑक्टोबरात परत ईमेल आले तेव्हा सगळ्यांनी दात आवळून ठरवलं होतं की ह्या वेळी ती चूक करायची नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे. लोकांनी वेगळं मत दिलं ह्याला ते स्वतःचं अपयश समजले.

नाना मध्येच म्हणाले, "मला एक कळत नाही, एवढे मोठे पेपर, त्यांना खरं-खोटं तपासता येत नाही होय?"

तेव्हा मला टाइपरायटरची गोष्ट आठवली, आणि ती नानांनाच सांगायला पाहिजे होती कारण नाना साताऱ्याला कोर्टात टायपिस्ट होते, सगळी नोकरी त्यात गेली.

सप्टेंबर २००४. बुश विरुद्ध केरी. सीबीएसवर डॅन रॅदर म्हणजे तेव्हाचं केवढं मोठं नाव, त्यानं ८ तारखेला कार्यक्रमात चार कागद दाखवले, १९७२-७३ सालचे, बुशच्या नॅशनल गार्डमधल्या साहेबानं टाइप केलेले म्हणे, बुशनं नोकरीत कशी टाळाटाळ केली ते त्यात. मी तेव्हा ते लाइव्ह बघितलं होतं आणि खरं सांगतो, मला वाटलं संपला बुश. रात्रीतच नेटवर साध्या लोकांनी शंका काढली, की १९७२ च्या टाइपरायटरवर असं टाइप होतंच कसं? मी फोनवर त्या कागदाचा फोटो काढला आणि नानांच्या हातात दिला. म्हणलं नाना तुम्हीच सांगा.

नानांनी चष्मा कपाळावर घेतला, फोन नाकाजवळ धरला. दोन बोटांनी मोठं केलं. बराच वेळ बघत राहिले, आम्ही सगळे गप्प.

"हे मशीनवरचं नाही वाटत," नाना म्हणाले. "हे बघ, आय बारीक जागा घेतोय आणि डब्ल्यू रुंद. आमच्या मशीनवर आय मारा नाहीतर डब्ल्यू मारा, कॅरेज तेवढंच सरकतं. म्हणून तर कॉलम जुळायचे. आणि हा टी-एच वर चढवलाय, एकशे अकरावी म्हणायला, आणि वर चढवून बारीक पण केलाय. वर चढवायचा तर आम्ही रोलर हातानं अर्धा घर फिरवायचो, टी-एच मारायचो, परत खाली आणायचो. अक्षर बारीक कुठनं करणार? खिळा तोच ना!" आणि नानांनी हवेत रोलर फिरवून दाखवला, डाव्या हातानं, इतकी वर्षं झाली तरी हाताला ते वळण जसंच्या तसं.

डॉक्टर म्हणाला की तशी अक्षरं काढणारी महागडी मशीनं तेव्हा अमेरिकेत होती, मी वाचलंय. आणि सीबीएसनं नेमलेल्या चौकशी समितीनं कागद बनावट आहेत असं ठामपणे म्हटलं नव्हतं, राजकीय हेतू सिद्ध झाला असंही नव्हतं म्हटलं. दोन्ही बरोबर आहे. डॉक्टर वाचून बोलतो म्हणून त्याच्याशी वाद घालायला मजा येते. पण एका माणसानं तोच मजकूर मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये काही सेटिंग न बदलता टाइप केला आणि मूळ कागदावर ठेवला तर ओळ न् ओळ जुळली. १९७३ च्या कागदाशी! सीबीएस बारा दिवस आपल्या बातमीला चिकटून राहिलं, मग २० सप्टेंबरला म्हणालं की आम्ही कागदांची खात्री देऊ शकत नाही, चुकलं. जानेवारीत चार जणांच्या नोकऱ्या गेल्या, मार्चमध्ये रॅदर स्वतः त्या खुर्चीवरून उठला.

आणि आता ही दोन प्रकरणं शेजारी ठेवा, मी म्हणलं, कारण माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बुशविरुद्धचे कागद सीबीएसच्या हातात आले आणि आठवड्याच्या आत टीव्हीवर गेले. साताऱ्याच्या टायपिस्टला पाच मिनिटांत जी शंका आली ती त्या एवढ्या मोठ्या ऑफिसात येऊनही दाबली गेली, कारण कागद खरे असावेत असं सगळ्यांना मनातनं वाटत होतं. हंटरचा लॅपटॉप आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सला ते ईमेल खरे आहेत असं लिहायला मार्च २०२२ उजाडावं लागलं, सतरा महिने. मुद्दाम खोटं छापतात असं मी म्हणतच नाही, बहुतेक पत्रकार प्रामाणिक आहेत, कष्ट करतात. पण जे खरं असावं वाटतं ते तपासायला यांना सवड नसते आणि जे खोटं असावं वाटतं ते तपासून निवडणूक उलटली तरी संपत नाही. पारडं असं झुकतं. शब्दात नाही, वेळेत झुकतं.

बंडू म्हणाला, "दादा, आणि फॉक्स? ते काय धुतल्या तांदळासारखे?"

नाहीत. हे मी कट्ट्यावर सगळ्यांसमोर बोललो आणि इथेही लिहितो. २०२० नंतर फॉक्सवर डॉमिनियनच्या मतदान यंत्रांबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं, खटला उभा राहायच्या आधीच न्यायाधीशांनी तसा निर्णय दिला होता, आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजून तडजोड केली. त्यातले मेसेज बाहेर आले, स्वतः अँकर आपसात म्हणत होते की ह्यात तथ्य नाही आणि तरी रात्री पाहुणे बोलावून तेच. का, तर प्रेक्षक दुसरीकडे जातील म्हणून. कारण त्याच निवडणुकीच्या रात्री फॉक्सनं सगळ्यांच्या आधी ॲरिझोना बायडनला दिलं होतं, आमचे लोक इतके चिडले की चॅनेल सोडून गेले, आणि ॲरिझोना शेवटी बायडनलाच गेलं, साडेदहा हजारांच्या आसपास मतांनी. म्हणजे आमच्या चॅनेलनं खरं सांगितलं म्हणून आम्ही रागावलो आणि मग त्यांनी आम्हाला आवडेल ते सांगितलं. याचं मला फार वाईट वाटतं कारण मी त्या चॅनेलवर भरवसा टाकला होता.

पण बंडू, फॉक्स आलं कुठनं तेही बघ. फॉक्स सुरू झालं ऑक्टोबर १९९६ मध्ये. त्याच्या आधी, सीएनएन सोडलं तर, इथं काय होतं? संध्याकाळी साडेसहाला तीन चॅनेल, एबीसी, सीबीएस, एनबीसी, तिन्हीकडे बातम्यांची निवड एकसारखी. १९६९ मध्ये निक्सनचा उपाध्यक्ष ॲग्न्यू आयोवात डे मॉइन इथं भाषणात हेच म्हणाला होता की न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमधली मूठभर माणसं देशानं काय बघायचं ते ठरवतात. तो माणूस पुढं लाच-टॅक्सच्या प्रकरणात राजीनामा देऊन गेला, त्याची बाजू घ्यायचं मला कारण नाही. पण ते वाक्य लोकांना पटलं, कारण कॅन्सासच्या शेतकऱ्याला, चर्चला जाणाऱ्या बाईला, टीव्हीवर आपलं कुणी दिसतच नव्हतं. १९४९ पासून फेअरनेस डॉक्ट्रिन होती, दोन्ही बाजू दाखवायचा नियम. कागदावर किती छान! प्रत्यक्षात स्टेशनवाले वादाचे विषयच टाळायचे. १९८७ मध्ये रेगनच्या काळात एफसीसीनं, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, तो काढला आणि १९८८ मध्ये उजव्या विचारांचा रश लिंबॉ देशभर रेडिओवर आला.

मी १९९८ मध्ये आलो तेव्हा पहिली नोकरी अशी होती की रोज दुपारी टर्नपाइकवर दीड तास गाडी चालवायची. जुनी गाडी, एफएम नीट लागायचं नाही, एएमवर ७७० ला हा माणूस. पहिले दोन महिने मला त्याचा राग यायचा. बोलायची पद्धत उद्धट, आपल्याला सवय नाही तशी. पण हळूहळू लक्षात आलं की फोन करणारी माणसं कोण आहेत, ट्रक ड्रायव्हर, प्लंबर, दुकानदार, निवृत्त फौजी, आणि त्यांच्या बोलण्यात माझे वडील ऐकू यायचे, खर्च हात राखून करा, सरकारच्या तोंडाकडे बघू नका, देवाला विसरू नका. ऑफिसात मात्र सगळे असं धरून चालायचे की शिकलेला माणूस म्हणजे आपल्यातलाच, डेमोक्रॅट. मी कधी काही बोललो नाही. दहा वर्षं नाही बोललो.

डॉक्टर हे ऐकून जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "२००० साली आपण दोघं एकाच अपार्टमेंटमध्ये होतो, आठवतंय?"

आठवतंय म्हणजे, ती रात्र विसरीन का! फ्लोरिडाचा पश्चिमेकडचा पट्टा सेंट्रल टाइममध्ये आहे, तिथलं मतदान इथल्या घड्याळानं आठला संपायचं, आणि चॅनेलवाल्यांनी आठला दहा कमी असतानाच फ्लोरिडा डेमोक्रॅट गोरला देऊन टाकलं. तो पट्टा रिपब्लिकन. रांगेत उभं राहायला निघालेली किती माणसं परत फिरली असतील? बुश शेवटी जिंकला ५३७ मतांनी. डॉक्टरचं म्हणणं, "आणि रात्री सव्वादोनला बुशला विजयी कुणी केलं पहिल्यांदा? फॉक्सनं. आणि त्यांच्या निकालाच्या टेबलावर बसलेला जॉन एलिस बुशचा चुलतभाऊ-आतेभाऊ कोण तो!" बरोबर आहे, भाऊच लागत होता. ते पण मागं घ्यावं लागलं. त्या रात्री चार वाजेपर्यंत आम्ही दोघं एका सतरंजीवर बसून चिवडा खात बघत होतो, तेव्हा दोघांनाही मताचा अधिकार नव्हता, तरी भांडलो.

ताईंनी मग जे सांगितलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मला खरं फसवल्यासारखं वाटलं ते २७ जूनला," त्या म्हणाल्या. २७ जून २०२४ म्हणजे अटलांटाची सीएनएनची डिबेट, बायडन-ट्रम्प. "मी स्टाफरूममध्ये सहा महिने भांडत होते. फेब्रुवारीत त्या विशेष सरकारी वकील रॉबर्ट हरचा रिपोर्ट आला, बायडन म्हणजे स्मरणशक्ती अधू झालेला वयस्क माणूस असं लिहिलं, मी म्हणाले हा रिपब्लिकन माणूस आहे, मुद्दाम लिहिलंय. जूनमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं, म्हणाले फॉक्सवाल्या मर्डॉकचा पेपर. व्हिडिओ आले तर व्हाइट हाउसमधनं सांगितलं की ते काटछाट करून फिरवतायत, मी तेच पुढं सांगितलं. आणि मग त्या रात्री माणूस समोर उभा, वाक्य पूर्ण होईना. माझ्या शेजारी माझी सोळा वर्षांची मुलगी बसली होती, ती म्हणाली आई, तुला हे माहीत नव्हतं?"

कुणी काही बोललं नाही. मी पण नाही.

डॉक्टर म्हणाला, "मी दहा मिनिटांत आवाज बंद केला होता."

माझ्या मते मीडियाच्या पक्षपाताचं सगळ्यात मोठं नुकसान आमचं नाही झालं, डेमोक्रॅट मतदारांचंच झालं. आम्हाला सवय होती, आम्ही दुसरीकडे बघत होतो. ज्यांनी भरवसा ठेवला त्यांना अंधारात ठेवलं. मिनेसोटाचा डीन फिलिप्स, त्यांच्याच पक्षाचा खासदार, २०२३ पासून सांगत होता की वय हा प्रश्न आहे, निवडणूक लढवू द्या, प्रायमरी, म्हणजे पक्षातली उमेदवाराची निवड, नीट होऊ द्या. त्याला कुणी उभं केलं नाही. वर्षभर पत्रकारांनी रेटून विचारलं असतं तर खुली प्रायमरी झाली असती, माणूस लोकांनी निवडला असता. झालं काय, २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि कमला हॅरिसना मिळाले १०७ दिवस. मग २०२५ मध्ये त्यावर पुस्तकं आली, त्याच पत्रकारांची. मला पुस्तकं नको होती, मला मार्च २०२४ मध्ये प्रश्न विचारलेले पाहिजे होते.

ताईंच्या एनपीआरचं पण निघालं. उरी बर्लिनर नावाचा संपादक, पंचवीस वर्षं तिथं काम केलेला, त्यानं एप्रिल २०२४ मध्ये लिहिलं की वॉशिंग्टनच्या न्यूजरूममधल्या माणसांची पक्षनोंदणी तपासली तर ८७ डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन शून्य. एनपीआरनं त्याचं म्हणणं मानलं नाही, त्याला पाच दिवस बिनपगारी बसवलं, मग तो सोडून गेला. ताई म्हणाल्या की म्हणून काय खेड्यातल्या रेडिओचे पैसे तोडायचे का, जुलै २०२५ मध्ये काँग्रेसनं तोडले ते. त्यावर आमचं जमलं नाही. मी म्हणतो कराच्या पैशातनं कुणाचीच न्यूजरूम नको, त्या म्हणतात वादळाची सूचना कोण देणार मग. राहू दे.

बंडूचं म्हणणं की हे सगळं म्हाताऱ्यांचं भांडण आहे. "टीव्ही बघतो कोण? ट्रम्प २०२४ च्या ऑक्टोबरात जो रोगनच्या पॉडकास्टला तीन तास बसला, आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकानं ऐकलं." त्याचं बरोबर आहे. गॅलपच्या सर्व्हेत १९७६ मध्ये ७२ टक्के लोकांचा मीडियावर विश्वास होता, २०२५ मध्ये २८. पण बंडू ज्याला मोकळेपणा म्हणतो त्याची मला काळजी वाटते, कारण पॉडकास्टवर समोरचा काहीही बोलला तरी थांबवणारं कुणी नसतं. एबीसीच्या डिबेटला ट्रम्पला पाच वेळा टोकलं आणि हॅरिसना एकदाही नाही, हा अन्याय. तीन तासात कुणालाच टोकायचं नाही, हा काही त्याच्यावरचा उपाय नव्हे.

सर्व्हेवरनं पण जुंपली. आमच्यातले बरेच जण म्हणतात सर्व्हे मुद्दाम खोटे काढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्याहून आईचा फोन, "अरे सगळे कमला येणार म्हणत होते ना?" कारण तिकडच्या पेपरात अमेरिकेची बातमी म्हणजे इथल्याच एजन्स्यांची, तीच भाषांतर होऊन. आयोवात ॲन सेल्झरच्या सर्व्हेत हॅरिस तीन पॉइंटनी पुढं, निकालात ट्रम्प तेरानी. पण ही बाई आधीच्या निवडणुकांत रिपब्लिकनांना जड जाईल असे आकडे आले तसे, आणि आमच्या बाजूचे आले तेही तसेच, छापत होती. तिचं चुकलं. चुकणं वेगळं आणि झुकणं वेगळं, आणि चुकलं म्हणून ट्रम्पनं तिला कोर्टात खेचलं ते मला पटलं नाही. उलट इथं न्यू जर्सीत बघा, २०२० मध्ये बायडन सोळा पॉइंटनी पुढं, २०२४ मध्ये हॅरिस सहापेक्षा कमी, पसेइक काउंटीसुद्धा ट्रम्पकडे आली, आम्हाला वाटलं राज्य फिरलं. २०२५ मध्ये गव्हर्नरच्या निवडणुकीत सर्व्हे चुरस दाखवत होते आणि आमचा उमेदवार चिटरेली चौदाच्या आसपास पॉइंटनी पडला. तेव्हा सर्व्हे आमच्या बाजूनं चुकले, तर आमच्यातलं कुणी पक्षपात म्हणालं नाही.

बायका पिशव्या घेऊन आल्या, डॉक्टर उठला. जाता जाता म्हणाला, "सतरा महिने म्हणतोस, पण छापलं ना शेवटी टाइम्सनं? तुझ्या पोस्टनं स्वतःची चूक कधी पहिल्या पानावर छापलीय?"

मी म्हणलं छापलं, पण कुठे छापलं ते बघ. ताईंकडे टाइम्सचं सबस्क्रिप्शन आहे. मी तारीख सांगितली, १६ मार्च २०२२. त्यांनी शोधून काढली. मथळा वाचला तर हंटर बायडननं टॅक्स भरला पण चौकशी चालूच अशा अर्थाचा. लॅपटॉपचं नाव मथळ्यात नाही.

"कुठाय?" नाना म्हणाले.

"खाली आहे नाना. वाचत जा."

ताईंनी फोन त्यांच्या हातात दिला. डॉक्टर गाडीचं दार उघडं ठेवून तिथंच थांबला होता. नाना भिंतीवर बसून अंगठ्यानं पान वर सरकवत होते, प्रत्येक परिच्छेदाला मान हलवत, कोर्टात तपासायचे तसं ओठातल्या ओठात मोजत, "सात... आठ... नऊ..." मध्ये जाहिरात आली ती ओलांडली, परत मोजायला लागले. चौदावर त्यांनी चष्मा पुसला. थंडगार झालेला चहा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "अजून नाही आलं रे."

डॉक्टरनं गाडीचं दार लावलं आणि येऊन त्यांच्या शेजारी बसला, फोनमध्ये बघायला.